सहा मोजे, दोन डबे: लहानग्यांसोबत गट पाडण्याचे खेळ घरी कसे सुरू करावेत

माझा पहिला प्रयत्न सपशेल फसला. थोरला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. रात्री जागून मी सहा वाट्यांना सहा रंगांचे कागद चिकटवले, लोकरीचे तीसेक रंगीत गोळे केले आणि सकाळी मोठ्या हौसेने सगळं त्याच्यापुढे मांडलं. "लाल गोळे लाल वाटीत टाक बघू." त्याने सगळे गोळे एकाच वाटीत कोंबले, वाटी डोक्यावर उपडी केली आणि टाळ्या पिटल्या. पुन्हा सांगितलं तेव्हा एक गोळा थेट तोंडात गेला. त्याने तो स्वतःच थुंकला म्हणून निभावलं.

"याला आवडच नाही," असा निकाल देऊन मी सामान माळ्यावर टाकलं. दोन-तीन महिन्यांनी एकदा मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. हा शेजारी लुडबुडत होता. ढिगातून त्याने एक आपला मोजा काढला आणि मांडीवर ठेवला. मग माझा एक काढला, तो माझ्या गुडघ्यावर. मग पुन्हा आपला, मांडीवर. कुणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. मी घडी अर्धी टाकून बघतच राहिले.

त्याला खेळ येत होता. मांडता मलाच येत नव्हता. धाकटीच्या वेळी मग सावकाश, उलट्या टोकापासून सुरुवात केली. या दोन फेऱ्यांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमचं मूल साधारण एक ते साडेतीन वर्षांचं असेल, तर यातलं काही ना काही आजच करता येईल. विकत आणावं असं जवळपास काहीच नाही.

१. आधी मूल कुठवर आलंय ते पाहा

वय हा फक्त अंदाज आहे, पण अंदाज हवाच. नाहीतर माझ्यासारखं होतं.

वर्षभराच्या आसपास मुलाला वस्तू डब्यात टाकणं आणि डबा रिकामा करणं एवढ्यातच ब्रह्मानंद मिळतो. याला वर्गीकरण म्हणता येणार नाही, पण पुढच्या सगळ्याचा पाया हाच. या वयात एक मोठा डबा आणि हाताच्या मुठीएवढ्या पाच-सहा वस्तू द्या आणि बाजूला बसा. टाका, ओता, टाका, ओता. कंटाळा तुम्हालाच आधी येईल.

दीड वर्षाच्या आगेमागे हुबेहूब सारख्या वस्तूंची जोडी जमू लागते: चमच्याजवळ तसाच चमचा, बुटाजवळ त्याचा जोडीदार. दोन वर्षांच्या सुमारास रंग किंवा आकार बघून दोन गट पाडायला सुरुवात होते. अडीच-तीनला मोठं-लहान, मऊ-खरखरीत, 'स्वयंपाकघरातलं' आणि 'न्हाणीघरातलं' असे गट सुचू लागतात. तिनाच्या पुढे मूल आपणच नियम काढतं, आणि तो तुम्हाला ओळखायला लावतं.

तुमचं मूल यात दोन-चार महिने मागेपुढे असेल तर त्यात काही विशेष नाही. थोरला बोलण्यात पुढे आणि यात मागे होता. धाकटीचं नेमकं उलट.

२. सामान गोळा करा, पण आधी गळ्याचा विचार करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, तरी वगळू नका. तीन वर्षांखालच्या मुलांची सगळी चौकशी तोंडातून होते. खेळण्यांचे सुटे भाग गिळण्याइतके लहान आहेत का हे तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक मानक नळकांडं वापरतात; त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. घरी ते नळकांडं कुठून आणणार? टॉयलेट पेपरच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती मानकापेक्षा थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होईल. नळीतून जी वस्तू आरपार जाते ती बाद. माझे लोकरीचे गोळे सगळेच्या सगळे बाद झाले असते.

ठेवायला:
- दोन सारखे डबे, वाट्या किंवा टोपल्या. नंतर तिसरा लागेल.
- कडा असलेलं एक ताट किंवा ट्रे, म्हणजे वस्तू घरंगळत पलंगाखाली जात नाहीत.

खेळायला (यातलं जे घरात असेल ते):
- मोजे, रुमाल, हातमोजे
- मोठे चमचे, बरण्यांची मोठी झाकणं, झाकणासकट प्लास्टिकचे डबे
- लाकडी ठोकळे, मुठीएवढे चेंडू, हाताच्या पंजाएवढ्या गाड्या
- कपड्यांचे कापडी तुकडे: मखमल, तरट, सुती, जुना टॉवेल
- बाहेरून आणलेली मोठी पानं आणि मुठीत जेमतेम मावतील असे गोटे

घरातून हाकलायला: सुटी बटणं, नाणी, गोट्या, मणी, फुगे आणि वाळलेल्या बिया-दाणे. दाण्यांचे खेळ फोटोत फार सुंदर दिसतात, पण दाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो आणि काढायला डॉक्टरच लागतो. बारकी लोहचुंबकं आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर खेळाच्या खोलीतसुद्धा नकोत. तशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. नुसती शंका आली तरी 'बघू उद्यापर्यंत' न म्हणता सरळ रुग्णालय गाठायचं.

आणि सगळं तपासून झालं तरी मुलाला या खेळात एकटं सोडून जायचं नाही. फोन वाजला तर ट्रे उचलून हातात घ्या आणि मग फोन घ्या.

३. एका वेळी एकच फरक ठेवा

हे जर मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सहा रंगांचे कागद वाचले असते.

समजा तुमच्याकडे चार लाल चमचे आहेत आणि चार निळे. लाल सगळे मोठे, निळे सगळे लहान. मूल झटपट दोन ढीग करतं, तुम्ही खूश: "रंग ओळखतो!" पण त्याने रंगाकडे बघितलंही नसेल. त्याने मोठे एकीकडे आणि लहान दुसरीकडे ठेवले असतील, आणि तुम्हाला ते कधीच कळणार नाही. उलटही होतं. मूल नीट आकाराने लावत असतं, आपण रंगाने 'दुरुस्त' करत बसतो.

म्हणून रंगाचा खेळ असेल तर वस्तू एकाच प्रकारच्या, एकाच मापाच्या घ्या, फक्त रंग वेगळा. मापाचा खेळ असेल तर रंग एकच ठेवा. मारिया माँटेसरींच्या साधनांत एक गुलाबी मनोरा असतो: दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा, आणि सगळ्यांचा रंग तोच गुलाबी. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, बाई, दहा रंग द्यायचे ना, किती छान दिसलं असतं. ते 'छान दिसणं'च तिथे मुद्दाम काढून टाकलंय. रंगांच्या पाट्यांचंही तेच. पहिल्या पेटीत लाल, पिवळा, निळा यांच्या तीन जोड्या, बाकी सगळं एकसारखं.

ते साधन घ्यायची गरज नाही. त्यामागची युक्ती घ्या.

संख्याही आवरती ठेवा. सुरुवातीला सहा वस्तू, तीन-तीन. आठच्या पुढे पहिल्या महिन्यात जाऊ नका. वस्तू जास्त झाल्या की मुलाला त्यांचे गट करावेसे वाटत नाहीत, त्या उधळाव्याशा वाटतात. त्याचं काही चुकत नाही, तीस गोळे समोर आले तर मलाही उधळावेसे वाटतील.

४. पहिला खेळ: मोजे

मोज्यांपासून सुरुवात करायचं कारण साधं आहे. ते गिळता येत नाहीत, फुटत नाहीत, फेकून मारले तरी लागत नाहीत, आणि प्रत्येक घरात असतात. तीन लाल, तीन निळे, साधारण एका मापाचे. नक्षीवाले नकोत.

वेळ अशी निवडा की मुलाचं पोट भरलेलं आहे, झोप झालेली आहे, आणि तुम्हालाही कुठे पळायचं नाही. जमिनीवर बसा. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा, म्हणजे दोघांना डबे एकाच बाजूने दिसतील.

(अ) दोन्ही डब्यांत एकेक मोजा आधीच टाकून ठेवा, एकात लाल, एकात निळा. मोज्याचं टोक बाहेर लोंबू द्या. रिकाम्या डब्यांवरून मुलाला काहीच कळत नाही. आत नमुना असला की डबाच सांगतो, इथे कोण राहतं ते.

(आ) उरलेले चार मोजे ट्रेमध्ये. एक उचला. एका डब्याजवळ धरा, थांबा. दुसऱ्याजवळ धरा, थांबा. मग योग्य डब्यात सोडा. तोंडाने काही बोलू नका. हे फार अवघड जातं, माहीत आहे. पण हात चालू असताना तोंडही चालू राहिलं तर मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, मोज्याकडे नाही.

(इ) दुसरा मोजा मुलाच्या हातात द्या आणि वाट पाहा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा चारवरच माझा हात पुढे गेला होता.

(ई) झालं की डबे एकदम रिकामे करा. ओतणं हा मुलाच्या लेखी खेळाचा सर्वांत चांगला भाग आहे, तो हिरावून घेऊ नका. पुन्हा हवं असेल तर ते स्वतःच भरायला लागेल.

तीन-चार मिनिटं झाली की भरपूर झालं. खरंच.

*बोलायचं कसं.* मूक फेरी दोन-तीनदा झाली की शब्द आणा, पण मोजून. आधी 'सारखं' आणि 'वेगळं' हे दोनच. "हा याच्यासारखा. हा वेगळा." रंगांची नावं त्यानंतर. बाळाला रंगातला फरक काही महिन्यांचं असतानाच दिसू लागतो, पण रंगाचं नाव त्या रंगाला पक्कं चिकटायला पुढे बराच काळ जातो. अडीच वर्षांच्या मुलाला एखादा रंग विचारल्यावर नीट दाखवता आला तर गाडी रुळावर आहे असं समजा. म्हणजे लाल-निळे मोजे अचूक वेगळे करणारं मूल "हा कुठला रंग?" विचारल्यावर बिनदिक्कत "हिलवा" म्हणू शकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

त्यात आपल्या मराठीची आणखी एक गंमत. निळा चेंडू, निळी बाटली, निळं झाकण, निळे मोजे. मोठ्यांच्या कानाला तो एकच शब्द. दोन वर्षांच्या कानाला? चार. 'लाल' मात्र कुठेही लावा, लालच राहतो. धाकटीला लाल सर्वांत आधी आला, आणि पिवळ्याच्या बाबतीत ती कितीतरी दिवस "पिवळी चेंडू" म्हणत होती, कारण तिची पिवळी बाटली तिच्या फार लाडकी. हे लक्षात आल्यावर मी पहिल्या काही आठवड्यांत एकाच लिंगाच्या वस्तू निवडू लागले: निळा मोजा, निळा चमचा, निळा चेंडू. आणि "निळा मोजा दे" म्हणण्याऐवजी "हा मोजा निळा" असं उलटं बोलायची सवय लावून घेतली. आधी वस्तूचं नाव आलं की नजर वस्तूवर जाते, मग रंगाचा शब्द नेमका तिथेच पडतो.

५. मोजे जमले की पुढे

एक खेळ आठवडाभर चालू द्या, रोज नवा नको. खाली क्रम साधारण सोपा ते अवघड असा आहे.

*डबे आणि झाकणं.* तीन वेगवेगळ्या मापांचे डबे, तीन झाकणं. कोणतं कुणाचं? इथे तुम्हाला बरोबर-चूक सांगावंच लागत नाही, झाकण बसतं किंवा बसत नाही. वस्तूच शिक्षक होते. माझ्या मते घरातला हा सर्वांत किमती खेळ आहे, आणि तुम्ही स्वयंपाक करत असताना पायाशी चालतो.

*मोठं-लहान.* एकाच रंगाचे ठोकळे किंवा एकाच जातीचे चमचे. फरक ठळक हवा, दुप्पट-तिप्पट. 'मध्यम' हा शब्द तिनापर्यंत विसरा.

*हाताला काय लागतं.* कापडाचे तुकडे, प्रत्येकाचे दोन-दोन. आधी बघून जोड्या, मग पिशवीत हात घालून, न बघता. मखमल सापडली की धाकटी ती गालाला लावून बसायची आणि खेळ तिथेच संपायचा. संपू दे.

*पानं आणि गोटे.* फिरून आल्यावर. लांबट पानं इकडे, गोल तिकडे. सुकी कुरकुरीत इकडे, ओली मऊ तिकडे. पान कुठून उचललंय ते बघा, विषारी झाडं आणि चिकाची पानं टाळा, आणि नंतर हात धुवा.

*कोण कुठे राहतं.* टूथब्रश, साबणाची डबी, कढईतला झारा, पेला. दोन डब्यांऐवजी दोन खोल्या. मूल वस्तू घेऊन धावत जाऊन ठेवून येतं. पावसाळ्यात घरात कोंडलेल्या मुलासाठी हा उपाय रामबाण.

*आवरणं.* गाड्या गाड्यांच्या खोक्यात, ठोकळे ठोकळ्यांच्या. खोक्यावर आत काय आहे त्याचं चित्र किंवा फोटो चिकटवा. हे आवरणंही गट पाडणंच आहे. मात्र त्याला 'काम' म्हटलंत की संपलं.

६. मूल 'चुकतं' तेव्हा

इथे थोडं थांबते, कारण बहुतेक खेळ इथेच मोडतात.

धाकटी सव्वादोनची असताना मी तिच्यापुढे चमचे, मोजे आणि झाकणं ठेवली होती. माझ्या मनात 'चमचे एकीकडे, मोजे एकीकडे'. तिने एक करडा मोजा, एक मोठा स्टीलचा चमचा आणि काळं झाकण एका डब्यात टाकलं. मी म्हणणारच होते, "नाही गं, चमचा इकडे." पण तेवढ्यात माझ्याच दहाच्या मोजणीने मला वाचवलं. आठव्या आकड्याला ती डब्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा."

करडा मोजा बाबाचा. त्या चमच्याने तोच जेवतो. काळं झाकण त्याच्या पाण्याच्या बाटलीचं. तिने तीन वेगळ्या जातींच्या वस्तूंतून मालक शोधला होता, आणि मी तिला चमचे मोजायला लावणार होते.

दुसरा प्रकार तुम्हाला नक्की दिसेल. मूल गोल आणि चौकोन वेगळे करायला घेतं, एका चौकोनावर त्रिकोण ठेवतं आणि म्हणतं, "घर!" मग गोल येतो, तो सूर्य. गट गेले कुठल्या कुठे. ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांच्या वर्गीकरणाचा बारकाईने अभ्यास केला, त्यात लहान मुलांची ही रीत त्यांनी नोंदवली आहे: आकारांचे गट करण्याऐवजी त्यांचं चित्र मांडणं. मुलाचं लक्ष उडालं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात 'या दोन वस्तू सारख्या आहेत' यापेक्षा 'या दोन वस्तू एकत्र छान शोभतात' हे त्याला त्या वयात जास्त पटतं.

तर करायचं काय?

दोन वर्षांच्या आत: काहीच नाही. चुकीच्या डब्यात गेलेला मोजा तिथेच राहू द्या. पुढच्या वेळी तुमची पाळी आली की तुम्ही नीट टाका. तेवढं पुरतं.

दोन ते तीन: जे दिसतं ते बोला. "लाल, लाल, आणि हा निळा." आवाजात 'अरे चुकलास' नको. कधी मूल स्वतः उचलून हलवेल, कधी नाही.

तिनाच्या पुढे: "हे सगळे एकत्र का बरं?" असं खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारा. उत्तरं ऐकून हसू आलं तर दाबा. थोरल्याने एकदा तीन गाड्या आणि एक चप्पल एकत्र ठेवली होती, "कारण या सगळ्या दमल्या."

७. नियम बदलताना घाई नको

तीनेक वर्षांचं मूल रंगाने सरसर गट पाडतंय म्हणून आपण म्हणतो, "छान, आता याच वस्तू आकाराने लाव." आणि ते पुन्हा रंगानेच लावतं. आपण पुन्हा सांगतो. ते मान डोलावतं आणि पुन्हा रंगानेच.

हा हट्ट नाही. बालमानसशास्त्रात याची एक प्रसिद्ध चाचणी आहे. त्याच पत्त्यांना आधी रंगाने, मग आकाराने लावायला सांगतात. बहुतेक तीन वर्षांची मुलं नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात आणि हाताने जुन्याच नियमाने पत्ते ठेवत राहतात. चार-पाच वर्षांच्या मुलांना हा बदल जमू लागतो. जुना नियम डोक्यातून बाजूला सारणं हेच मुळात अवघड काम आहे.

म्हणून नियम बदलायचा तर सगळंच बदला. वस्तू उचला, डबे बदला, जमलं तर खोलीही बदला, आणि नवा खेळ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वस्तूंनी. त्याच ट्रेवर नियम फिरवण्याची मजा चौथ्या वर्षासाठी राखून ठेवा, तेव्हा ती खरंच मजा असते.

८. नेहमीचे खड्डे

*खेळाची परीक्षा होणं.* पाहुणे आले की "दाखव बाळा, लाल कुठला?" हे आमच्याकडे आजी करायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही केलं. चारदा झालं की मूल ट्रे दिसताच पळतं. आजींना मी शेवटी खेळातच घेतलं. त्यांनी मुद्दाम चुकीच्या डब्यात मोजा टाकायचा, आणि नातीने ओरडायचं, "आजी, नाऽऽही!" परीक्षा पालटली, आता आजी नापास.

*शाबासकीचा पाऊस.* प्रत्येक मोज्याला टाळ्या वाजवल्या की मूल मोजा टाकून टाळ्यांसाठी तुमच्याकडे बघतं. शेवटी एकदा "झालं सगळं!" पुरे.

*मोबाइलवरचे गट पाडायचे खेळ.* माझं मत स्पष्ट आहे: या वयाला नकोत. काचेवर बोट सरकवलं की मखमल आणि तरट दोन्ही सारखीच गुळगुळीत.

*मोठं भावंड.* थोरला पाच सेकंदांत धाकटीचे सगळे मोजे लावून मोकळा व्हायचा. त्याला वेगळं पद दिलं: तो 'दुकानदार'. ती मागेल तोच मोजा त्याने द्यायचा. दोन दिवस तरी टिकलं.

*रंगाची शंका.* काही मुलांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हे मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त आढळतं. दोन वर्षांच्या मुलाने रंगांची नावं उलटसुलट सांगितली तर काळजी नको, तो नावांचा घोळ असतो. पण चाराच्या आसपास नाव न विचारता, नुसत्या जोड्या लावतानाही ठरावीक रंग पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. तोवर आकाराचे आणि मापाचे खेळ चालू ठेवा.

*थांबायचं कधी.* वस्तू फेकणं, पाठ फिरवणं, डबा डोक्यावर घेणं. यातलं काहीही झालं की सामान उचला, चेहरा न पाडता. उद्या आहेच.

९. तिसरा डबा

दोन गट पक्के जमले, साधारण अडीचनंतर, की तिसरा डबा आणा. तिसऱ्या रंगासाठी नाही, 'कुठेच न बसणाऱ्या'साठी.

घरात मोजे असतात तिथे एक मोजा उरतोच, ज्याचा जोडीदार धुण्यात कुठेतरी परागंदा झालेला असतो. तो लालही नसतो, निळाही नाही. मूल तो हातात धरून एका डब्यावरून दुसऱ्यावर नेतं, परत आणतं, आणि तुमच्याकडे बघतं. तेव्हा तिसरा डबा पुढे सरकवा आणि गप्प राहा. "हे इथलं नाही आणि तिथलंही नाही" हे ठरवायला दोन्ही गटांचे नियम एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात, म्हणून हा डबा दिसतो तेवढा सोपा नाही. सुरुवातीला मूल त्यात सगळंच टाकेल. दोन-चार दिवस टाकू द्या.

आमच्या तिसऱ्या डब्यात या घडीला एक पोपटी मोजा, मूठ तुटलेलं एक झाकण, अर्धं सुकलेलं पान आणि माझ्या चष्म्याचं रिकामं घर आहे. चष्मा कुठल्या गटात गेला, ते अजून कुणी सांगायला तयार नाही.